म्हाताऱ्या कुत्र्याला पुन्हा पायावर उभं करताना

"वय झालं रे त्याचं, आता चालायचंच!" कुत्रं उठताना कण्हायला लागलं, बलकांवाच्या (गोव्याच्या घरापुढच्या ओट्याच्या) पायऱ्यांपाशी थबकायला लागलं, की शेजारच्या काकीपासून घरच्या आजोबांपर्यंत सगळे एका सुरात हेच सांगतात. पण म्हातारपण हे काही कुठल्या दुखण्याचं नाव नाही. कुत्रं चालेनासं होतं ते सांधा झिजल्यामुळे, मणक्यांमधली चकती सरकल्यामुळे, गुडघ्यातलं लिगामेंट तुटल्यामुळे, नाहीतर गोचिडांच्या तापामुळे. यातली काही दुखणी बरी होतात, बरीचशी पूर्ण जात नाहीत. तरीही आपलं आपण उठणं आणि अंगणाच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन लघवी करून येणं एवढं पुष्कळ कुत्र्यांना परत मिळवून देता येतं.

फक्त क्रम चुकवायचा नाही. आधी निदान, मग वेदना आटोक्यात, मग घरातली जमीन, मग वजन, आणि त्यानंतर व्यायाम. बहुतेक जण शेवटच्या पायरीवरून सुरुवात करतात. मोबाईलवर व्हिडिओ बघून दुखऱ्या पायाला कसरत करायला लावतात, कुत्रं गुरगुरतं, आणि चार दिवसांत सगळं बारगळतं. आमच्या जिमीच्या बाबतीत डॉक्टरांनी पहिले पंधरा दिवस व्यायामाचं नावसुद्धा काढू दिलं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

पहिली पायरी: नुसतं बघा

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन-तीन दिवस कुत्र्याचं चालणं टिपून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर घाबरून अर्धी कुत्री लंगडणंच विसरतात, म्हणून घरचा व्हिडिओ सोन्याच्या मोलाचा. सपाट जागा निवडा, दोरी सैल सोडा, मोबाईल कुत्र्याच्या उंचीवर धरा, आणि समोरून, मागून आणि बाजूने अशा तीन चित्रफिती घ्या. पळवू नका. सावकाश चालतानाच खोड दिसते.

पुढच्या पायात दुखत असेल तर दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागच्या पायात दुखत असेल तर मागून बघा, त्या बाजूची कंबर दुसरीपेक्षा जास्त उचलली जाते. उठल्यावर आखडलेलं कुत्रं दहा-बारा पावलांत मोकळं होत असेल तर संशय सांध्यांवर. मागच्या पायांची नखं जमिनीवर खर्र खर्र घासत असतील, मधली दोन नखं पुढून झिजली असतील, तर संशय नसांवर किंवा कण्यावर.

मग दोन्ही हातांनी दोन्ही मांड्या एकाच वेळी चाचपा. ज्या पायावर कुत्रं भार देत नाही तिथलं मांस हाताला पातळ लागतं. शिंप्याची टेप असेल तर मांडीचा घेर मोजून तारखेसह लिहा. दर वेळी मोजायची जागा मात्र तीच हवी. महिन्याभराने प्रगती झाली की नाही याचा वाद घरात होतो, तेव्हा हा आकडा कामाला येतो.

कुत्रं रडत नाही म्हणजे दुखत नाही असं धरून चालू नका. रात्री कारण नसताना धापा टाकणं, एकच सांधा सतत चाटणं, सोफ्यावर उडी मारणं बंद होणं, पोरांनी पाठीला हात लावला की दात दाखवणं, या सगळ्या दुखण्याच्याच खुणा. म्हातारपणी स्वभाव बिघडला म्हणून ज्या कुत्र्याला मागच्या दारी बांधून ठेवतात, त्याची कंबर एकदा तरी तपासून घ्यावी.

दुसरी पायरी: डॉक्टरांकडून दुखण्याचं नाव काढून घ्या

गोव्यात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने तालुक्या-तालुक्यात आहेत. पणजीजवळ टोंकला आणि मडगावजवळ सोनसड्यावर मोठी केंद्रं आहेत, खासगी दवाखानेही बरेच. कुठेही गेलात तरी नुसती वेदनेची सुई घेऊन परत येऊ नका. मागच्या सांध्यांचा आणि कण्याचा एक्स-रे, रक्ताची पूर्ण तपासणी, यकृत आणि मूत्रपिंड कसं चाललंय ते बघणारी चाचणी, एवढं मागून घ्या. चांगल्या एक्स-रेसाठी कधी कधी थोडी गुंगी द्यावी लागते. पाय ओढून ताणून न दुखवता नीट चित्र मिळावं म्हणून ती असते, तिला घाबरू नका.

आपल्याकडे एक गोष्ट हटकून तपासावी, ती म्हणजे गोचीडताप. हवा वर्षभर उबदार आणि दमट, त्यामुळे गोचिडांना सुट्टी अशी नसतेच. एर्लिकिया आणि त्याच्या भाऊबंद जंतूंमुळे सांधे सुजतात. आज हा पाय, परवा तो पाय असं लंगडणं सुरू होतं, सोबत ताप, फिके पडलेले हिरड्यांचे कडे, जेवणावरून उडालेलं मन. हे ओळखलं तर औषधाने बरं होतं. म्हातारपण म्हणून सोडून दिलं तर कुत्रं जिवानिशी जातं.

नसांचं दुखणं आहे का याची एक चाचणी डॉक्टर करतात, तुम्हीही करून बघू शकता. कुत्र्याला पोटाखाली हात घालून नीट उभं धरा आणि मागच्या एका पायाचा पंजा उलटा, म्हणजे वरची बाजू जमिनीला लागेल असा, हळूच टेकवा. निरोगी कुत्रं तो क्षणात सरळ करतं. पंजा तसाच उलटा राहिला तर मेंदूकडून पायाकडे जाणाऱ्या वाटेत गडबड आहे. जर्मन शेफर्ड आणि काही इतर जातींत उतारवयात डीजनरेटिव्ह मायलोपथी नावाचा कण्याचा आजार होतो. त्यात वेदना नसते, पण मागचे पाय महिन्यामहिन्याने हातचे जातात. तिथे वेदनेच्या गोळ्यांचा उपयोग नाही, मात्र रोजच्या चालण्याचा आणि व्यायामाचा असतो.

काही प्रसंगी हा लेख मिटून ठेवा आणि गाडी काढा. काल चालणारं कुत्रं आज मागच्या पायांवर अजिबात उभं राहत नाही, लघवी अडली आहे, मान किंवा पाठ हलवली की किंचाळतं, किंवा पायाच्या लांब हाडावर टणक सूज आली आहे. पहिल्या तीन लक्षणांत एकेक तास मोलाचा. डाशुंडसारख्या लांब पाठीच्या आणि आखूड पायांच्या कुत्र्यांत चकती सरकली तर वेळेत शस्त्रक्रिया झाली की चालणं परत येऊ शकतं. चौथ्या लक्षणात मोठ्या जातीच्या कुत्र्याला हाडाचा कर्करोग नाही ना, हे आधी बघावं लागतं. अशा पायाला शेकणं-चोळणं करत बसू नये.

तिसरी पायरी: आधी वेदना

सांध्याच्या दुखण्यावर कुत्र्यांसाठी कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम, फायरोकॉक्सिब अशी सूज उतरवणारी औषधं आहेत. मात्रा वजनावर ठरते, आणि गोळी जेवणाबरोबर देणंच बरं. उलटी, काळसर चिकट शी, जेवण सोडणं यातलं काही दिसलं तर पुढची गोळी न देता डॉक्टरांना फोन करा. औषध दीर्घकाळ चालणार असेल तर रक्ताची तपासणी अधूनमधून होत राहायला हवी. स्टेरॉइड आणि ही औषधं एकत्र देत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर आधीची चिठ्ठी दाखवा.

घरच्या डब्यातली माणसांची गोळी अर्धी करून द्यायची नाही. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण पाडतात, मूत्रपिंड निकामी करतात. पॅरासिटामॉलसुद्धा आपल्या अंदाजाने नको.

सांध्यांसाठी म्हणून मिळणाऱ्या पूरक पावडरींबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. ग्लुकोसामाइनचा पुरावा तोकडा आहे. माशाच्या तेलातल्या ओमेगा ३ चा पुरावा त्या मानाने चांगला, पण त्याचीही मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवा. हळदीने नुकसान नाही, पण हळदीवर विसंबून गोळी बंद करणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांची कुत्रीही.

चौथी पायरी: पायाखालची जमीन

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण खर्च सगळ्यात कमी आणि फरक सगळ्यात जास्त इथेच.

आमच्या मधल्या खोलीची जमीन जुन्या लाल सिमेंटची, आईने वर्षानुवर्षं पुसून आरशासारखी केलेली. जिमी तिच्यावर उभा राहिला की बोटं फाकायची, नखं जमीन शोधायची आणि सापडायची नाही. मग मागचे दोन्ही पाय सावकाश बाजूंना सरकत जायचे, इंच इंच, आणि शेवटी धप्पकन बसायचा. बसल्यावर आमच्याकडे बघायचा नाही. आईला वाटायचं, कंटाळा आला असेल. रबराची पट्टी अंथरली त्याच संध्याकाळी तो अंथरुणापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत न थांबता गेला. त्याच्या सांध्यात त्या दिवशी काहीच बदललं नव्हतं.

पूर्वीच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर कुत्र्याला ही अडचण नसायची. टाइल्स, संगमरवर आणि पॉलिश आलं आणि म्हाताऱ्या कुत्र्यांचे हाल सुरू झाले, असं मला कधी कधी वाटतं.

अख्खं घर झाकायची गरज नाही. कुत्र्याच्या रोजच्या वाटा बघा: अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, तिथून दारापर्यंत, आणि माणसं बसतात तिथवर. त्या वाटांवर साधारण दोन फूट रुंदीची सलग पट्टी घाला. मध्ये खंड पडला तर कुत्रं नेमकं त्या मोकळ्या फरशीपाशी येऊन अडून उभं राहतं. खाली रबर असलेली पायपुसणी, योगा मॅट, एकमेकांत अडकणारे फोमचे चौकोन, काहीही चालेल, पण ते स्वतः सरकता कामा नये. कडा दुहेरी चिकटपट्टीने बसवा. काथ्याचे गालिचे पकडीला उत्तम, मात्र पावसात भिजले की आठवडाभर वाळत नाहीत, म्हणून ते बाहेरच्या बाजूला नको. आणि गणेश चवथीच्या आधी घर धुऊन काढताना पट्ट्या उचलल्या जातात, त्या पाहुणे जाईपर्यंत परत येत नाहीत. घरच्यांना आधीच बजावून ठेवा.

पंजांकडेही बघा. उभं असताना नखं जमिनीला टेकत असतील तर ती वाढली आहेत. मग पंजाच्या गादीवर भार पडत नाही आणि पकड जाते. दर दोन-तीन आठवड्यांनी टोक टोक कापा. काळ्या नखांत आतली रक्तवाहिनी दिसत नाही, तिथे एकदम मोठा तुकडा घ्यायचा नाही. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा. गाद्यांच्या मधले केस वाढले असतील तर तेही छाटा. त्या केसांवरून कुत्रं अक्षरशः घसरतं.

पायऱ्यांचं काय? आतला जिना सरळ बंद करा, फळी आडवी लावा. बाहेर बलकांवाच्या दोन-तीन पायऱ्या टाळता येत नाहीत, तिथे उतार बांधा. चढ जितका सौम्य तितका बरा. दीड फूट उंचीसाठी निदान साडेसहा फुटी फळी लागते. सुतार आखूड फळी पुरेल म्हणतो, ऐकू नका. वर काथ्या किंवा खरखरीत रबर ठोका, दोन्ही कडांना बोटभर उंच पट्टी मारा. पहिल्या दिवशी कुत्र्याला ओढून चढवू नका. फळी जमिनीवर सपाट ठेवून तिच्यावरून खाऊ दाखवत दोन दिवस चालवा, मग एक टोक थोडं उचला.

अंथरूण निदान चार इंच जाडीच्या घट्ट फोमचं हवं. कापसाची मऊ गादी नको, तीत कुत्रं रुततं आणि उठताना दुप्पट जोर लागतो. त्याला काढून धुता येईल असं पाणी न झिरपणारं आवरण शिवा. पाणी आणि जेवणाची भांडी छातीच्या उंचीवर ठेवली तर मान आणि पुढच्या पायांवरचा ताण कमी होतो. आणि हो, स्कूटरच्या पायदानावर उभं राहून बाजाराला जाण्याची ज्याला आयुष्यभराची सवय, त्याची ती सवारी आता बंद. वळणावर तोल सावरण्यात दुखरा पाय भरडला जातो.

पाचवी पायरी: वजन

अमेरिकेत ४८ लॅब्राडोर कुत्र्यांवर झालेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एकाच वेताच्या पिल्लांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला घातलं, आयुष्यभर. कमी खाणाऱ्यांतली निम्मी कुत्री १३ वर्षांपलीकडे जगली, दुसऱ्यांतली निम्मी ११.२ वर्षांपलीकडे. सांध्याच्या दुखण्यावर औषध सुरू करण्याची वेळही कमी खाणाऱ्यांवर काही वर्षं उशिरा आली. आधीच लंगडणाऱ्या लठ्ठ कुत्र्याचं वजन सहा-आठ टक्के उतरलं तरी चालण्यात फरक दिसतो. तीस किलोच्या कुत्र्यात हे दोन-अडीच किलो झालं.

बरगड्यांवरून हलका हात फिरवा. न दाबता लागल्या पाहिजेत. वरून बघितलं तर पोटाच्या जागी कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. आठवड्याला शरीराच्या एक ते दोन टक्क्यांपेक्षा जास्त वजन उतरवायचं नाही, म्हणजे तीस किलोला तीनशे ते सहाशे ग्रॅम. घरच्या काट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग कुत्र्याला उचलून घेऊन, आणि वजाबाकी करा. मोठं कुत्रं असेल तर दवाखान्यातला काटा.

आपल्याकडे वजन वाढतं ते जेवणाच्या ताटात नाही, सकाळी. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंपू वाजला की कुत्रं फाटकापाशी हजर, आणि त्याला एक उंडो (गोल पाव) ठरलेला. मग आजोबांच्या चहातलं बिस्कीट, दुपारी काकीकडची शितं, रात्री उरलेलं. प्रत्येकाला वाटतं आपण एवढंसंच देतो. फ्रिजवर कागद लावा आणि देणाऱ्याने लिहायचं, एवढा एकच नियम घाला. आठवड्याभरात कागद बघून आजोबाच गप्प होतील. उंडो तोडायचा नसेल तर त्याचे नखाएवढे तुकडे करून तेच व्यायामाचं बक्षीस म्हणून वापरा, आणि तेवढं ताटातून कमी करा.

हुमणाचा, म्हणजे माशाच्या कालवणाचा भात बंद. मीठ, मिरची तर आहेच, पण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतात. त्याऐवजी बांगडा किंवा तार्ले (सार्डिन मासे) नुसते उकडून, काटे काढून द्या. स्वस्त आहेत, प्रथिनं आहेत, ओमेगा ३ आहे. म्हाताऱ्या कुत्र्याचं वजन उतरवताना भात आणि पाव कमी करायचा, मासे-अंडी नाही, नाहीतर चरबीबरोबर मांडीचं मांसही जातं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे सगळं डॉक्टरांच्या सल्ल्याने.

सहावी पायरी: हाताने करायचं काम

औषध लागू पडलं, कुत्रं निवांत झोपायला लागलं, की हात लावायचा. जेवणानंतर निदान एक-दीड तास जाऊ द्या.

जुनाट आखडलेल्या सांध्याला आधी शेक. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरून बघा. सोसवते एवढीच ऊब, दहा-पंधरा मिनिटं. नव्या सुजेवर शेक नाही, तिथे बर्फ, तोही कापडात गुंडाळून. ज्या पायाला संवेदना कमी आहे त्यावर दोन्ही नको. चटका बसला तरी कुत्रं सांगणार नाही.

मग चोळणं. तेल लागत नाही. पंजापासून वर, हृदयाच्या दिशेने, तळहाताने लांब सावकाश हात फिरवा. म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय दुखतात तेव्हा ते भार पुढे टाकतं. एरवीच साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, ते आणखी वाढतं. म्हणून खांदे आणि मान आखडलेली असते, तिथेही हात फिरवा. बहुतेक कुत्र्यांना पायापेक्षा हेच जास्त आवडतं.

त्यानंतर सांधे हलवणं. कुत्र्याला कुशीवर झोपवा, दुखरी बाजू वर. एक हात सांध्याच्या वर, एक खाली, आणि पाय जमिनीला समांतर ठेवून सावकाश दुमडा, सावकाश सरळ करा. बोटं, घोटा, गुडघा, खुबा, असं एकेक. प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून दोनदा. जिथे अडकतं तिथे थांबायचं, पुढे ढकलायचं नाही. कुत्र्याने मान वळवून तुमच्या हाताकडे बघितलं, जीभ ओठांवरून फिरवली, अंग ताठ केलं, म्हणजे तुम्ही हद्दीपाशी आहात. कण्हेपर्यंत थांबायचं नसतं.

सातवी पायरी: व्यायाम

सगळे व्यायाम पकड असलेल्या जमिनीवर आणि पाच मिनिटांच्या आत, दिवसातून दोनदा. किती करायचं याचा निर्णय दुसऱ्या दिवशीची सकाळ देते. नेहमीपेक्षा जास्त आखडून उठलं तर काल जास्त झालं, आज निम्मं. ठीक उठलं तर चार-पाच दिवसांनी थोडं वाढवा.

पहिले दोन आठवडे जागेवरचे व्यायाम. कुत्र्याला चारही पाय सरळ ठेवून उभं करा, कंबरेच्या दोन्ही बाजूंना तळवे लावा आणि अगदी हलकं डावीकडे, मग उजवीकडे रेटा. ते पडू नये म्हणून स्नायू आवळतं, तोच व्यायाम. दहा-बारा वेळा पुरे. मग खाऊचा तुकडा नाकाशी धरून सावकाश खांद्यापर्यंत, बरगडीपर्यंत, जमलं तर कंबरेपर्यंत न्या, दोन्ही बाजूंना. पाय हलू द्यायचे नाहीत, नुसता कणा वळला पाहिजे. हे जमायला लागलं की एकेक पाय जमिनीपासून बोटभर उचलून पाच सेकंद धरा. चांगला पाय उचलला की भार दुखऱ्यावर येतो, म्हणून तो शेवटी आणि कमी वेळ.

तिसऱ्या आठवड्यापासून उठ-बस. मागच्या पायांना हा सगळ्यात चांगला व्यायाम, आणि सगळ्यात जास्त चुकीचा केला जाणारा. कुत्रं एक पाय बाजूला फेकून तिरकं बसतं आणि पुढच्या पायांच्या जोरावर स्वतःला ओढून उठतं. तसं झालं तर मांडीला काहीच मिळत नाही. त्याला भिंतीला चिकटून उभं करा, दुखरा पाय भिंतीकडे, म्हणजे तो बाहेर जाणार नाही. खाऊ नाकाच्या वर धरून बसवा, मग थोडा पुढे आणि वर नेऊन उठवा. पुरतं बसता येत नसेल तर ढुंगणाखाली उशी किंवा पाट ठेवा, उंची हळूहळू कमी करा. सुरुवातीला पाच वेळा, पुढे दहा. खुब्याचं किंवा गुडघ्याचं दुखणं जोरात असेल तर हा व्यायाम डॉक्टरांना दाखवूनच करा.

मग काठ्या. केरसुणीचे दांडे, पीव्हीसी पाइप किंवा झावळीचे सुकलेले दांडे, चार-पाच पुरतात. जमिनीवर आडवे मांडा, दोन दांड्यांत कुत्र्याच्या धडाच्या लांबीएवढं अंतर. दोरी सैल धरून सावकाश चालवा, प्रत्येक पाय उचलून टाकला पाहिजे. ज्या कुत्र्याची नखं घासतात त्याला पाय कुठे आहे याचं भान याने परत येतं. जमलं की दांड्याखाली वीट ठेवून दोन-तीन इंच उंची द्या. घोट्याच्या वर कधीच नाही.

दोन माडांमधून इंग्रजी आठच्या आकाराने फिरवणं, दोन-चार पावलं मागे चालवणं, हे पाचव्या-सहाव्या आठवड्यानंतर. सौम्य चढ चढणं मागच्या पायांसाठी छान, पण उतरताना भार पुढच्या पायांवर येतो, म्हणून उतार नागमोडी उतरा.

फिरणं, वाळू आणि पाणी

अर्ध्या तासाच्या एका फेरीपेक्षा दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या चांगल्या. सकाळी उन्हाआधी, संध्याकाळी रस्ता निवल्यावर. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसलं नाही तर त्यालाही सोसणार नाही.

आठवडाभर घरात आणि रविवारी सगळं कुटुंब मिरामारला किंवा मोरजीला, कुत्रं दोन तास वाळूत. सोमवारी ते उठत नाही आणि मग डॉक्टरांना फोन. कोरडी भुसभुशीत वाळू दुखऱ्या सांध्याला फार जड जाते, पाय रुततो आणि पिळतो. ओहोटीच्या वेळी पाण्याजवळची ओली, घट्ट वाळू मात्र छान, सपाट आणि थोडी दबणारी. तिथे दहा मिनिटं, बस.

पाण्याचा फायदा खरा आहे. कुत्रं खुब्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर त्याच्या वजनाचा जेमतेम ३८ टक्के भार येतो. गुडघ्यापर्यंत असेल तर ८५ टक्के, म्हणजे फारसा फरक नाही. मोठ्या शहरांतल्या केंद्रांत पाण्याखाली फिरणारा पट्टा असतो तो याचसाठी. पण त्यासाठी आठवड्यातून दोनदा घाट चढून जाणं म्हाताऱ्या कुत्र्याला परवडणारं नाही. लाटा असलेला समुद्र त्याला पर्याय नाही, एक लाट आडवी आली की पाय पिळवटतो, आणि खारं पाणी पोटात गेलं की उलट्या-जुलाब. नदीत उतरवायचा मोह असेल तर कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत हे लक्षात ठेवा. ओळखीच्या कोणाच्या स्वच्छ पोहण्याच्या तलावात, लाइफ जॅकेट घालून, तुम्ही स्वतः पाण्यात उभे राहून दोन मिनिटांपासून सुरुवात करा. पग किंवा डाशुंडएवढं कुत्रं असेल तर मोठा टब पुरतो.

पावसाळ्यात बाहेरचं सगळं थांबतं, तेव्हा काठ्या व्हरांड्यात मांडा. अंगणातल्या साचलेल्या पाण्यातून चालवू नका, लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा धोका असतो. बाहेरून आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि अंथरूण भिंतीपासून दूर, जमिनीपासून चार बोटं उंच ठेवा.

उठताच येत नसेल तर

कुत्र्याला उठवताना काखेत धरून ओढू नका. जुना पंचा पोटाखालून, मांड्यांच्या पुढून घाला आणि दोन्ही टोकं वर धरून कंबर तोला. नर असेल तर लघवीच्या जागेवर पंचा दाबला जाणार नाही असा थोडा मागे सरकवा. रोज लागणार असेल तर मागच्या भागाला आधार देणारा हार्नेस विकत घ्या, तुमचीही पाठ वाचेल.

झोपून असलेल्या कुत्र्याची कूस निदान दर चार तासांनी बदला. कोपर, खुबा, घोटा, जिथे हाड वर आलं आहे तिथे केस जाऊन त्वचा लाल दिसली की जखम उंबरठ्यावर आहे. लघवी अंगाखाली साचू देऊ नका. आपल्या हवेत, विशेषतः पावसात, ओल्या जखमेवर माशी बसली की एक-दोन दिवसांत किडे पडतात, आणि ते केसांखाली दिसत नाहीत, आधी वास येतो. रोज एकदा शेपटीखाली आणि मांड्यांच्या आत बॅटरी मारून बघा. लघवी आपोआप होत नसेल तर मूत्राशय हाताने रिकामं कसं करायचं ते डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्या, वाचून करायची गोष्ट नाही ती.

पुढचे पाय धड आहेत आणि मागचे गेले आहेत अशा कुत्र्याला चाकाची गाडी खूप काही परत देते. माप घेताना कंबरेची रुंदी, छातीपासून मांडीपर्यंतची लांबी आणि उभं असतानाची कंबरेची उंची लागते. उंची अंदाजाने धरली तर कणा वाकडा राहतो, म्हणून दोघांनी कुत्र्याला सरळ उभं धरायचं आणि तिसऱ्याने मोजायचं. मागच्या पायांत थोडा जीव असेल तर पंजे जमिनीला टेकतील असं बसवा, पूर्ण गेले असतील तर पंजे वर बांधा, नाहीतर ते चिऱ्यांवर घासून सोलवटतात. पहिला आठवडा पाच-पाच मिनिटं. गाडीतून काढल्यावर जांघेत आणि छातीच्या पट्ट्याखाली लाली आहे का बघा. गाडीत असताना कुत्र्याला बसता किंवा झोपता येत नाही, तेव्हा तिच्यात अडकवून दुपारी स्वतः झोपायला जायचं नाही.